सुट्टी ही मालकाची मेहरबानी नव्हे!

आमच्या समाजात हक्काची भाषा आता घरोघरी पोहोचली आहे. शिक्षणाचा हक्क, नोकरीतील प्रतिनिधित्वाचा हक्क, अत्याचारापासून संरक्षणाचा हक्क यांवर आम्ही बोलतो, मोर्चे काढतो, न्यायालयात जातो. ते योग्यच आहे. परंतु विश्रांतीचा हक्क, चार दिवस कुटुंबासह प्रवासाला जाण्याचा हक्क, आपल्या उत्सवाच्या दिवशी पगार न बुडता घरी राहण्याचा हक्क, यांवर मात्र आमच्या व्यासपीठांवर क्वचितच चर्चा होते. सुट्टी ही जणू साहेबाच्या मर्जीची गोष्ट, असे आपण धरून चाललो आहोत. हा समज खोडून काढणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी आज आम्ही वाचकांना जरा दूरच्या मुलखात, उत्तर युरोपात नेणार आहोत.

त्याला निमित्त झाले मित्रमंडळीतील गप्पांचे. रविवारी विहारात वंदना झाली की आमची काही मंडळी तेथेच चहा घेत बसतात. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी शिक्षिका, कोणी सफाई कामगारांची युनियन चालविणारे. बँकेतील मित्राची कन्या स्वीडन देशात स्टॉकहोम शहरी संगणकाच्या नोकरीत आहे. जून महिन्यात हे पतिपत्नी तिच्याकडे राहून आले. साहजिकच त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. रात्री दहा वाजेपर्यंत सूर्य मावळत नाही आणि पहाटे साडेतीनलाच पुन्हा उगवतो. आणखी उत्तरेला, किरुना गावी, मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो मावळतच नाही. सहा महिने थंडी आणि अंधार सोसलेली माणसे या उजेडाचा उत्सव करतात. त्याला तेथे मिडसोमर म्हणतात.

पूर्वी हा सण २३-२४ जूनला असे. १९५३ पासून तो शुक्रवार-शनिवारी धरतात, म्हणजे सुट्ट्या जोडून येतात. लोक शहर सोडून खेड्यात, तळ्याकाठी, बेटांवर जातात. पानाफुलांनी मढविलेला उंच खांब उभारतात आणि त्याभोवती लहानथोर फेर धरून नाचतात. बेडकासारख्या उड्या मारण्याचा एक नाच आहे, तो आजोबाही नातवासोबत नाचतात. दालार्ना प्रांतातील लेक्सांद गावचा सोहळा सर्वांत मोठ्यांपैकी एक समजला जातो. मित्राची पत्नी म्हणाली, "दादा, कोणाच्या मुलीच्या डोक्यावर फुलांचा मुकुट आहे आणि तिचा बाप काय काम करतो, हे पाहून काही कळत नव्हते बघा."

मग जेवणाचा विषय निघाला. हेरिंग नावाचा मासा व्हिनेगर, साखर आणि कांद्यात मुरवलेला, नव्या हंगामाचे उकडलेले बटाटे, त्यावर आंबट साय आणि शेपू, शेवटी स्ट्रॉबेरी. शेपूचे नाव काढताच सगळे हसले, कारण आपल्याकडे शेपूची भाजी म्हटली की पोरे ताटावरून उठतात! सोबत स्नॅप्स नावाची कडक दारू असते आणि ती गाणी म्हणत पितात. पंचशील पाळणाऱ्या आम्हाला त्याचे कौतुक नाही. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच देशातील कामगारांनी दारूबंदीची मोठी चळवळ उभारली होती. १९२२ साली संपूर्ण दारूबंदीवर तेथे सार्वमत झाले आणि बंदीचा पक्ष थोडक्यात हरला. आजही अस्सल दारू मुख्यतः सरकारी दुकानांतच मिळते आणि ऐन सणाच्या दिवशी ती दुकाने बंद असतात. कामगारांची अभ्यासमंडळे १९०२ साली सुरू झाली तीही दारूमुक्तीच्या चळवळीतूनच. व्यसनमुक्ती आणि वाचन यांची ही जोडी आंबेडकरी कार्यकर्त्याला ओळखीची वाटेल.

गप्पा अशा रंगात आल्या असताना आमचे युनियनवाले मित्र म्हणाले, "ते सगळे ठीक आहे हो. पण त्या दिवशी तिथला कचरा कोण उचलतो? त्याला सुट्टी आहे का?"

हा प्रश्न आम्हाला अत्यंत महत्त्वाचा वाटला. कोणत्याही देशाचा सण तपासायचा असेल तर हाच प्रश्न विचारावा. सणाच्या दिवशी काम करणारा माणूस कोण, त्याला जादा मोबदला मिळतो का, आणि त्याच्या वाट्याची विश्रांती त्याला केव्हा मिळते?

स्वीडनपुरते उत्तर असे की, सणाला कामावर येणाऱ्यास कामगार संघटनांच्या करारांप्रमाणे जादा दर मिळतो, आणि वार्षिक पगारी रजा त्याला इतरांइतकीच मिळते. १९३८ साली तेथे कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा आली. १९५१ साली ती तीन आठवडे झाली, १९६३ साली चार, आणि १९७८ पासून पाच आठवडे. त्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. वेगळा करार नसेल तर जून ते ऑगस्ट या काळात सलग चार आठवडे रजा घेण्याचा हक्क कामगाराला आहे. म्हणजे उन्हाळा हा केवळ ऋतू राहिला नाही, तो कायद्याच्या कलमात आला.

हे सुख त्यांना आकाशातून पडलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. याच देशात मोठ्या जमीनदारांच्या शेतीवर 'स्टाटारे' नावाचे भूमिहीन मजूर होते. वर्षाचा करार, मजुरीचा मोठा भाग धान्य, दूध, बटाटे, सरपण अशा वस्तूंत, आणि राहायला मालकाची खोली. करार नवऱ्याशी, पण राबायचे सगळ्या कुटुंबाने. बायकोने मालकाच्या गायींचे दूध दिवसाकाठी अनेक वेळा काढायचे, आजारपण असो की बाळंतपण असो. या कामाला तेथील लोक 'पांढरा आसूड' म्हणत. ऑक्टोबर अखेरीस एक मोकळा आठवडा मिळे, तोही बिऱ्हाड गाडीवर लादून दुसऱ्या मालकाचे दार गाठण्यात जाई.

हे वर्णन वाचून आमच्या वडीलधाऱ्यांना महार वतनाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. तेथेही हातात रोख वेतन नाममात्र, बलुत्याची भाकर दारोदार मागायची, आणि सरकारी माणसाने हाक मारली की बापाच्या गैरहजेरीत घरातील कोणीही धावत जायचे. फरक एवढाच, की स्टाटार मजूर जमीनदाराचा पाणवठा बाटवीत नव्हता. गुलामगिरी तीच, पण आमच्या वाट्याला तिच्यावर अस्पृश्यतेचा शिक्काही होता.

स्टाटार पद्धत १९४५ साली संपली. शेतमजुरांच्या संघटनेने केलेल्या करारानेच ती मोडीत निघाली. त्यात लेखणीचाही वाटा होता. इवार लू-युहान्सन हा स्वतः स्टाटार कुटुंबातून आलेला लेखक १९३० च्या दशकात आपल्या लोकांच्या कथा लिहू लागला, आणि ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते त्यांच्याकडे देशाला पाहावे लागले. आमच्याकडे महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. त्यांच्या हयातीत ते वतन पूर्णपणे गेले नाही. १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याच्या कायद्याने ते संपले.

आता १९४५ या सालाकडे पुन्हा पाहा. ज्या वर्षी स्वीडनमध्ये स्टाटार मजूर मोकळा झाला, त्याच वर्षी भारतातील कारखान्यांच्या कायद्यात पगारी रजेची तरतूद झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बारमाही कारखान्यात बारा महिने काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा देणारी दुरुस्ती त्यांनी मांडली. पुढे १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. आज जो कामगार, मग तो कोणत्याही जातीचा असो, पगारी रजेवर कुलदैवताला किंवा महाबळेश्वरला जातो, त्याच्या रजेच्या अर्जामागे बाबासाहेब उभे आहेत. हे त्याला कोणी सांगत नाही. बाबासाहेबांना केवळ दलितांचे पुढारी ठरविणाऱ्यांना ते सांगायचेही नाही.

दुसरी गोष्ट प्रवासाची. मित्र म्हणाला, "आम्ही जंगलात फिरलो, तळ्यात पोरांनी डुंबून घेतले, बोरांसारखी फळे तोडून खाल्ली. जमीन कोणाची होती कोण जाणे. कोणी हटकले नाही." यामागेही कायदा आहे. स्वीडनमध्ये परक्याच्या जमिनीवरून पायी जाण्याचा, रानफळे वेचण्याचा, तळ्यात पोहण्याचा, एखादी रात्र तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना आहे. कोणाच्या घराजवळ जायचे नाही, पिके तुडवायची नाहीत, त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही, एवढी अट. 'सर्वांचा हक्क' अशाच अर्थाचे त्याचे नाव आहे आणि १९९४ पासून तो त्यांच्या राज्यघटनेत आहे.

आम्हाला लगेच महाडचे चवदार तळे आठवले. ते कोणाच्या खासगी मालकीचेही नव्हते, नगरपालिकेचे होते. तरी २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी प्यायल्याबद्दल आमच्या माणसांची डोकी फोडण्यात आली. पुढे त्यावर दिवाणी दावा चालला. सवर्ण वादींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांनी तळ्यावर यायचे नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. अशी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. आमचे पूर्वज दहा वर्षे लढले ते एका तळ्यासाठी. भारतीय राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा जो उल्लेख आहे, त्याच्या मागे हा अनुभव आहे.

याचा अर्थ स्वीडन म्हणजे सुखावती आहे, असे मुळीच नाही. आंबेडकरी माणसाने कोणत्याही देशाची आरती ओवाळू नये. ज्या १९३० च्या दशकात तेथे पगारी रजा आली, त्याच दशकात १९३४ साली 'नालायक' ठरविलेल्यांच्या नसबंदीचा कायदाही आला आणि तो १९७० च्या दशकापर्यंत चालला. उत्तरेकडे रेनडिअर पाळणारे सामी हे तेथील मूळनिवासी. १९२२ साली उप्साला येथे वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था निघाली आणि तिच्या लोकांनी सामींची डोकी मोजली, त्यांचे विवस्त्र फोटो काढले. आमच्याकडे जन्मावरून उच्चनीच ठरविण्याचे काम धर्मग्रंथांनी केले, तेथे ते विज्ञानाच्या नावाने झाले. दक्षिणेत खांबाभोवती नाच चाललेला असतो, त्या दिवसांत सामी कुटुंबे रात्रीच्या उजेडात रेनडिअरच्या पाडसांच्या कानांवर खुणा करण्याच्या कामात असतात.

परंतु सामीही गप्प बसलेले नाहीत. गिर्यास नावाच्या सामी ग्रामसंस्थेने स्वीडनच्या सरकारवर २००९ साली दावा लावला. प्रश्न होता, त्यांच्या भागात लहान शिकारीचे आणि मासेमारीचे परवाने कोणी द्यायचे, सरकारने की सामींनी? २३ जानेवारी २०२० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल सामींच्या बाजूने दिला. आधार काय, तर अनादी काळापासूनची वहिवाट! वकील म्हणून आम्हाला हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. महाडला 'अनादी' हा शब्द माणसाला पाण्यापासून हाकलण्यासाठी वापरला गेला आणि तो टिकला नाही. गिर्यासला तोच शब्द हाकललेल्या माणसाने आपला हक्क सांगण्यासाठी वापरला आणि तो टिकला. कायद्यातला शब्द कोणाच्या हाती आहे, याला महत्त्व आहे. म्हणून आमच्या मुलामुलींनी कायदा शिकला पाहिजे.

सणानंतरच्या दिवसांत त्या जंगलांत रानफळांचा हंगाम सुरू होतो. ती वेचायला थायलंडमधून हजारो मजूर स्वीडन आणि फिनलंडला जात आले आहेत. विमानभाड्यासाठी आणि दलालासाठी काढलेले कर्ज डोक्यावर, फळे कमी भरली तर हाती काही नाही. फिनलंडमध्ये यावरून मानवी तस्करीचे खटले उभे राहिले. 'सर्वांचा हक्क' म्हणून जे जंगल मोकळे आहे, त्याच जंगलात परदेशी मजूर कर्जात अडकतो. आमच्या ऊसतोड मजुराची उचल आणि मुकादम ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट जेवणाची. खारवलेले हेरिंग आणि बटाटा हे एकेकाळी त्या देशातील गोरगरिबांचे रोजचे अन्न. आज तेच राष्ट्रीय सणाच्या ताटात मानाने बसले आहे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आमच्याकडे काय चित्र आहे? सुकट, बोंबील, चान्या यांचा वास आला की भाड्याचे घर नाकारले जाते. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी लागू झाली आणि गरिबाच्या ताटातील स्वस्त मांस गुन्ह्याच्या वहीत गेले. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक आले. मराठवाड्यातील दलितांच्या चुलीवर काय शिजत होते, ते त्यांनी लपवून न ठेवता लिहिले. ज्या दिवशी आमच्या गरिबीचे अन्न लग्नाच्या पंगतीत लाज न वाटता वाढले जाईल, त्या दिवशी या देशातील समतेबद्दल थोडे बोलता येईल.

आता आपल्या घराकडे वळू. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत २४० ऐवजी १८० दिवसांची अट आहे. कागदावर ही सुधारणा आहे. परंतु कागदाच्या बाहेर उभा असलेला माणूस कोण आहे? घरकाम करणारी बाई. दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलून ज्याची नोकरी मुद्दाम तोडली जाते तो कंत्राटी सफाई कामगार. आणि ऊसतोड मजूर, ज्याच्या एका दिवसाच्या गैरहजेरीला रजा न म्हणता 'खाडा' म्हणतात आणि त्याचा दंड कापतात. खाडा पडू नये म्हणून बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांनी गर्भाशये काढून घेतल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, राज्य शासनाला समिती नेमावी लागली. पांढऱ्या आसुडाची गोष्ट स्वीडनमध्ये १९४५ साली संपली. आमच्याकडचा आसूड अजून चालू आहे.

आमच्या उत्सवांचे काय? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्यातील रोजंदारीचा माणूस दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवून, भाकरी बांधून येतो. त्याची ती निष्ठा वंदनीय आहे. पण त्याने प्रत्येक वेळी पोटाला चिमटा घेऊनच बाबासाहेबांना अभिवादन का करावे, हा प्रश्न त्याच्या पुढाऱ्यांनी विचारायला हवा. १८९१ साली स्वीडनच्या माल्मो शहरात कामगारांनी स्वतःची बाग उभी केली. मालकवर्ग सभेला सभागृह देत नसे, म्हणून त्यांनी आपली जागा केली. तेथे भाषणे झाली आणि सणाचे नाचही झाले. आमची विहारे आणि समाजमंदिरे हीच आमची अशी जागा आहे. तेथे वंदनेबरोबर रजेच्या कायद्याचा वर्गही झाला पाहिजे.

सबब, एक साधे काम आम्ही सुचवितो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू आहे, त्या कामगारांना वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्यांचा हक्क आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवायच्या आहेत. बहुतेक ठिकाणी त्या मालक एकटाच ठरवितो, कारण कामगार विचारतच नाही. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तनदिन आणि ६ डिसेंबर ही नावे आमच्या लोकांनी पुढे केली पाहिजेत. इतर कामगारांनाही विश्वासात घ्यावे. त्यांच्या ईदला, नाताळला, पोळ्याला आपण पाठिंबा द्यावा, त्यांनी आपल्या जयंतीला द्यावा. चार जागांसाठी वाटाघाट करावी लागेल, पण वाटाघाटीला बसणे हीच संघटनेची पहिली पायरी असते.

ज्यांना हा कायदा लागू नाही, त्या घरकामगार आणि ऊसतोड भगिनींसाठी स्वतंत्र लढा द्यावा लागेल, आणि तो देणाऱ्या संघटनांच्या मागे आमच्या नोकरदार वर्गाने आपली रजा आणि आपला पैसा घेऊन उभे राहिले पाहिजे. तोपर्यंत जे हाती आहे ते सोडू नये. हजेरीपुस्तक पाहा, रजेचा हिशेब मागा. चार सुट्ट्यांचा अर्ज नव्या वर्षाआधी दहा-वीस सह्यांनिशी लेखी द्या. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.